जमीरला हाक

यवतमाळ,
३१ डिसेंबर २००६

प्रिय जुनेद,

सलाम आणि अनेक आशीर्वाद. उमरखेडचं गॅरेज जोरात चालू असेल. तू नाटक सोडल्याने निदान गाड्यांचं तरी भलं झालं.

काल आमच्याकडे मंडळाची वर्षअखेरची बैठक झाली. शुभदाने झुणका-भाकर केली होती, त्यामुळे सगळे वेळेवर हजर. वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. आपल्या 'देवराव' नाटकाला कापसाच्या गावागावांतून बोलावणी येतात. शेवटी देवराव झालेला तुझा धाकटा भाऊ जमीर "जरा वावरातून येतो" म्हणत हसत निघतो आणि पुढच्या प्रवेशात त्याला चादरीखाली आणतात, तेव्हा मांडवात कोणी खोकतसुद्धा नाही. यंदा जावं त्या गावात एखाद्या घरातून असा कोणी गेलेलाच असतो.

तू म्हणशील, पुढे जे लिहितोय ते फोनवर सांगता आलं असतं. पण तू लगेच जमीरला फोन लावला असतास आणि तो तुझ्याशी छान हसून बोलला असता. आवाज तो उत्तम लावतो, मीच शिकवलंय. म्हणून हे पत्र उमरखेडच्या एसटी ड्रायव्हरकडे देतोय.

तुझी ती रीत आठवते? खेळ संपला की तू विंगेतून "जम्या" म्हणून हाक मारायचास, तो चादरीतून "ओ" द्यायचा, मग तू त्याच्या तोंडात गुळाचा खडा घालायचास. मेलेल्या नटाला तसंच घरी न्यायचं नसतं, म्हणायचास. तू उमरखेडला गेल्यावर काही दिवस मी मारली हाक. मग एका गावात रुखमाबाई नावाची म्हातारी मांडवामागे आली. गूळ चघळत हसणाऱ्या जमीरकडे बघत राहिली आणि म्हणाली, "माहा पोरगा त उठला नाही, बाबू."

मला ते फार लागलं. त्या दिवसापासून मी रीत बंद केली. मांडव रिकामा होईपर्यंत जमीरने चादरीखालीच पडून राहायचं, असं ठरवून दिलं. लोक गप्प, मान खाली घालून घरी जाऊ लागले. आमचं कौतुक वाढलं.

मग राळेगावला खेळानंतर सामान जीपमध्ये चढलं तरी तो उठेना. मी चादर काढली. डोळे टक्क उघडे. म्हणाला, "काहून उठवता सर? इथं बरं वाटून राह्यलं."

भूमिका अंगात भिनली म्हणून मी खूश झालो, जुनेद. माझ्यासारखा गाढव दुसरा नाही. पुढे शमा सांगायला आली की चादर त्याने घरी आणली आहे आणि भरदुपारी ती डोक्यावरून ओढून पडतो. नवऱ्याच्या काळजीने ती अर्धी झाली होती. मी तिलाच समजावलं, नट असेच असतात म्हणून.

काल बैठकीत मंदार हजेरी घेत होता. जमीर समोरच बसलेला, पण नावाला ओ देईना. मी हाक मारली, गुंजनने मारली. शेवटी मंदार थट्टेने म्हणाला, "देवराव!"

"ओ," जमीर म्हणाला.

सगळे हसले. तो हसला नाही, आणि दारात चहा घेऊन उभी असलेली शमाही हसली नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुढचे सगळे प्रयोग मी तिथल्या तिथे रद्द केले. जमीर शांतपणे चहा प्याला.

मला भीती वाटते, जुनेद. माझी हाक त्याला दिग्दर्शकाचीच वाटणार. तुझी हाक घरातली आहे.

आणखी एक सांगायचं मघापासून टाळतोय. काल बैठकीहून घरी गेल्यावर त्याने चपला घातल्या आणि शमाला म्हणाला, "जरा वावरातून येतो." अंधार पडल्यावर परत आला, पायांना काळी माती होती. तुमच्या घरात तर कोणाचंच शेत-वावर नाही. आज मंदारला त्याच्या दारात बसवून ठेवलंय, पण मंदार किती दिवस पुरणार?

मिळेल त्या बसने ये. गूळ मी आणून ठेवलाय, हाक तेवढी तू घेऊन ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
नीळकंठ