यांचे नॉर्मन सरदार

मंगळवार, संध्याकाळ. नरपड.

आज हे बोलले. म्हणजे खरंच बोलले! अर्धांगाचा झटका आल्यापासून 'पाणी' आणि 'नको' यापुढे शब्द फुटत नव्हता. जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवलेला माणूस.

तलासरीहून यांची जुनी विद्यार्थिनी सुनीता आली होती. एम.ए.ची परीक्षा जवळ आलीय तिची. मी दारातच बजावलं, सरांना काही विचारू नकोस, त्रास होतो. तरी चिकू खाता खाता तिने विचारलंच, "सर, इंग्लंड जिंकून वेल्सच्या सीमेवर बसलेले ते नॉर्मन सरदार ख्रिस्ती मठांना एवढ्या जमिनी का द्यायचे?"

यांचे ओठ थरथरले. मी मध्ये पडणार, तेवढ्यात हे म्हणाले, "भीती. लढाईत... माणसं मारायचे. मग पापाची भीती."

"पण जमीन कुणाची, सर?"

"वेल्श लोकांची!" आणि चक्क हसले. तोंड थोडं वाकडं, पण हसू तेच, वर्गातलं.

चहाच्या निमित्ताने मी आत पळाले. चहा उतू गेला. ते हसू डोळ्यांपुढून जाईना. इतके महिने मी यांना नुसतं जपतच बसले का?

सुनीता गेल्यावर मला म्हणाले, "अगं... उद्या बोलव तिला. बिशपांचं... सांगायचं राहिलं."