पाच पायांचा हत्ती

अण्णा, आज थोरलीनं आपणहून कागद मागितला. नऊ दिवसांनी. मी बरकतपुऱ्याहून चालतच घरी आलो, बस बघायचं सुचलंच नाही, आणि वाटभर एकच वाटत होतं की हे कुणाला तरी सांगायलाच पाहिजे. आईला सांगितलं तर ती म्हणणार, "बरं झालं, आता जेव." म्हणून तुम्हाला लिहितोय. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. बाहेर सगळं हैदराबाद एकमेकांना अण्णा म्हणतं, इडलीवाल्याला, ऑटोवाल्याला, लिफ्ट दुरुस्त करायला येतो त्यालाही. मी मात्र इतकी वर्षं तो शब्द टाळायचो, 'भय्या' म्हणून वेळ मारून न्यायचो. आज वर पहिलाच शब्द तो लिहिला गेला.

थोरली म्हणजे आठ वर्षांची एक मुलगी. तिला पाच वर्षांचा धाकटा भाऊ आहे. दोघं शाळेत जात नाहीत, त्यांची आई त्यांना घरीच शिकवते. त्यांच्या आईला मी ताई म्हणतो. गणित, भाषा, गोष्टी हे सगळं ताईकडे आणि चित्रकला माझ्याकडे, आठवड्यातून तीन सकाळी. तुम्ही विचाराल, तू कधीपासून चित्रकलेचा मास्तर झालास? तर आधी दोन गोष्टी सांगाव्या लागतील, दोन्ही तुम्हाला न आवडणाऱ्या. एक, मी कॉलेज अर्ध्यात सोडलं. दुसरी म्हणजे ताईची धाकटी बहीण.

कॉलेजची गोष्ट लहान आहे. दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या तासाला मी तीन दिवस खपून केलेल्या शीटवर सरांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल फुली मारली. एक माप लिहायचं राहिलं होतं, एकच. मी ती शीट त्यांच्या टेबलासमोर उभी फाडली, मग आडवी फाडली. माफी माग म्हणाले, मागितली नाही. आठवडाभर सगळे समजावत होते, आणि जितके समजावत होते तितका माझा पारा चढत होता. शेवटी एका सकाळी गेलोच नाही, मग गेलोच नाही. आई म्हणाली, "हा कुणावर गेला? ह्याचा बाप तर आवाज चढवायचा नाही." त्या शीटचे चार तुकडे वर्गातल्या एका मुलीनं उचलले. मला नंतर कळलं. मी विचारलं, कशाला ठेवलेस? म्हणाली, "पुरावा आहे. लग्नाचं निघालं की तुझ्या आईला दाखवीन, म्हणीन असल्याला मी कशी देऊ होकार?" अण्णा, ती 'लग्न' हा शब्द इतक्या सहज बोलून गेली की मी तीन दिवस नीट जेवलो नाही.

तर हीच ताईची बहीण. ताई लग्न होऊन पुण्याला गेलेली. नवऱ्याला इकडच्या कंपनीत काम मिळालं म्हणून दोन वर्षांपूर्वी सगळे परत आले. मुलांना चित्र शिकवायला कुणीतरी हवं होतं, तर हिनं माझं नाव सुचवलं. मला म्हणाली, "दोन तास रागावल्याशिवाय बसून दाखव, एवढंच. चित्र तर तुला येतंच, तुझ्या हातात तुझ्या वडिलांचा हात आहे." मी तिला तुमच्याबद्दल सांगितलं होतं. काय सांगितलं होतं ते शेवटी सांगतो.

पहिल्या दिवशी ताईनं मला हॉलमध्ये बसवलं. भिंतीला उंचीच्या खुणा, जमिनीवर सतरंजी, एका कोपऱ्यात वर्तमानपत्रं पसरलेली. म्हणाली, "मी हिला शाळेतून का काढलं माहितीये? वर्गात हत्ती काढायला दिला होता. भिंतीवर चाळीस हत्ती लावलेले, सगळे एकसारखे. माझ्या पोरीचा कुठला ते तिलाच ओळखता येईना." मी मान हलवली. म्हटलं, "हौ ताई, माझ्याकडे असं नाही होणार." थोरली सतरंजीवरून म्हणाली, "हौ नाही, हो." पुण्याची ना. त्या घरात माझं मराठी रोज तपासलं जातं. धाकट्याला मात्र आमचं हैदराबादी लगेच चिकटलं. आठवड्याभरात तो जेवायच्या ताटावरून आईला "नक्को" म्हणायला लागला.

मजा यायची, अण्णा. खरं सांगतो, मला वाटलं नव्हतं एवढी मजा यायची. आम्ही चहाच्या गाळानं कागद रंगवले, भेंडी आडवी कापून तिचे ठसे उमटवले, गच्चीवर बसून समोरच्या इमारतीवरच्या काळ्या टाक्या मोजल्या आणि काढल्या. धाकटा प्रत्येक टाकीला डोळे काढायचा. थोरली बोलायची नाही फारशी, जीभ ओठाच्या कोपऱ्यात दाबून काढत राहायची. दीड महिना मी एकदाही चिडलो नाही. ताईची बहीण कधी मधे येऊन दारात टेकून बघायची, आणि मी उगाच जास्त शहाण्यासारखा बोलायचो.

मग नऊ दिवसांपूर्वी थोरलीनं हत्ती काढला. कुणी सांगितलं नव्हतं, तिचा तिनंच. मोठा, कागदभर, पाठीचा बाक इतका सुरेख की माझे डोळेच तिथं अडकले. आणि पाय पाच. ती पाणी प्यायला आत गेली होती. मी खिशातून तुमची पट्टी काढली.

तुम्हाला ती पट्टी आठवत असेलच. स्टीलची, पोस्टकार्डाहून लहान, बोटानं वाकेल इतकी पातळ, अंगावर गोल, लांबट, वाकडी भोकं. नको असलेली रेष भोकात धरायची आणि वरून रबर फिरवायचा. तेवढीच रेष जाते, शेजारचीला धक्का लागत नाही. तुम्ही सिकंदराबादच्या तुमच्या रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसातून मला आणून दिली होती, दहाव्या वाढदिवसाला. म्हणाला होतात, "काढायला सगळ्यांना येतं. नीट खोडता आलं पाहिजे." अजूनही ती माझ्या खिशात असते. मी ती हत्तीवर ठेवली, पाचव्या पायाची एकेक रेष भोकात धरून रबर फिरवत गेलो, आणि तो असा गेला की होता म्हणून कुणी सांगू नये. मला समाधान वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

थोरली पाण्याचा पेला घेऊन आली. चित्राकडे बघितलं. रडली नाही. म्हणाली, "हा तुझा झाला." आणि पेला खाली ठेवून आत गेली. पुढच्या वेळी मी गेलो तर सतरंजीवर धाकटा एकटाच. मी हाक मारली तर आतून आवाज आला, "मला चित्र येत नाही." ताई दारात उभी होती. आवाज न चढवता म्हणाली, "तो चालत होता म्हणून पाच पाय होते. एक पाय नुकताच मागे राहिला होता. मला तिनं सांगितलं. तू विचारायचंस तरी." मग म्हणाली, "मी तिला एका हत्तीसाठी शाळेतून काढलं, आणि घरात आणून तेच करू? या आठवड्यात बघू. नाही बसली तुझ्याकडे, तर राहू दे मग."

माझं डोकं सणकलं, अण्णा. जिन्यातच ताईच्या बहिणीला फोन लावला आणि म्हटलं, चूक ती चूकच, पाच पाय म्हणजे काय, मी काय मारलं का तिला? ती म्हणाली, "तुझी शीट फाडायला तुला किती वेळ लागला होता? तिला फाडता येत नाही, म्हणून ती आत जाऊन बसली. तेवढाच फरक." आणि फोन ठेवला. मी जिन्यात बसून राहिलो. खालून कुणीतरी भाजीची पिशवी घेऊन वर येत होतं, त्यांना वाट द्यायला सरकलो, परत बसलो.

आणि तिथं मला तुमचं ऑफिस आठवलं. मी नऊ वर्षांचा आहे, शनिवार आहे, तुम्ही मला बरोबर नेलंय. बाकीच्यांच्या टेबलांवर कॉम्प्युटर आलेत, तुमचा लाकडी बोर्ड अजून खिडकीशी आहे. मी उंच स्टुलावर बसलोय, पाय लोंबकळतायत. तुम्ही रेल्वेच्या डब्याचं दार काढताय, नुसतं दार, आणि त्यात इतक्या रेषा आहेत की मला दार दिसतच नाही. एक साहेब येतात, तुमच्यापेक्षा वयानं लहान. उभ्याउभ्याच लाल पेन्सिलीनं तीन ठिकाणी गोल करतात. "क्या बनाए ये? सुधारो." तुम्ही म्हणता, "हौ साब, अभी कर देता." मग ब्लेडनं शाईची रेष खरवडायला लागता, अगदी हलक्या हातानं, खालचा कागद फाटू नये म्हणून श्वास धरून. मी विचारतो, "अण्णा, तुमचं चुकलं होतं?" तुम्ही म्हणता, "नाही. पण रेष सरळ झाली की झालं. कुणाची ते कशाला बघायचं?"

मी ते तेव्हा ऐकलं आणि विसरलो. त्या जिन्यात पहिल्यांदा कळलं की तुम्ही सगळं आयुष्य अशाच रेषा काढल्या ज्या कुणाच्याच नव्हत्या. तुमच्या हाताला दुसऱ्याचं चित्र सरळ करणं म्हणजे लाड करणंच वाटत असणार. आणि तो हात मी आता दुसऱ्याच्या मुलीच्या हत्तीवर फिरवून आलो होतो.

आज मी गेलो ते ठरवून. मी स्वतः एक चित्र काढून नेलं होतं. आपलं जुनं घर, मोजून मापून, खिडक्या सारख्या, वर गच्चीवर टाकी. थोरली आतल्या दाराशी उभी होती, यायचं नाही पण बघायचं तर आहे, अशी. मी चित्र सतरंजीवर ठेवलं, त्यावर रबर आणि तुमची पट्टी. म्हटलं, "मी तुझा पाय खोडला, न विचारता. चुकलं माझं. आता तू माझं खोड. काय पाहिजे ते खोड, मी काही बोलणार नाही."

ताई स्वयंपाकघरातून बघत होती. बहीणही होती, आज तिला सुट्टी होती. थोरली आली, बसली. रबर हातात घेतला, वास घेतला, खाली ठेवला. पट्टी उचलून डोळ्याला लावली, एका भोकातून माझ्याकडे बघितलं, मग दुसऱ्या भोकातून. मग ती माझ्या घरावर ठेवली आणि रबराऐवजी पेन्सिल घेऊन भोकाच्या आतून रेष फिरवली. एक लांबट आकार उमटला. म्हणाली, "मासा." वाकड्या भोकातून त्याची शेपटी. मग आणखी एक मासा. माझ्या सरळ भिंतीवरून, खिडक्यांवरून, गच्चीवरच्या टाकीपर्यंत मासेच मासे. मला आतून एकदा गरम झालं, अण्णा, खोटं सांगत नाही. तीन तास लागले होते त्या भिंतींना. मग ते गरम कुठं गेलं कळलं नाही, आणि मला हसू आलं. धाकटा ओरडला, "मला पण पट्टी, मला पण!" थोरली म्हणाली, "थांब रे. दादा, दुसरा कागद दे. हा भरला."

मी दिला.

तिनं पुन्हा हत्ती काढला. पाय किती ते मी मोजले नाहीत. कागद माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "फक्त बघ. हात पाठीमागे." मी हात पाठीमागे घेतले. ताई आतून म्हणाली, "चहा ठेवलाय. सोमवारी जरा लवकर ये, धाकट्याला मग आंघोळ घालायचीय." एवढंच म्हणाली. पट्टी मी तिथंच ठेवून आलो, सतरंजीवर. चालताना खिसा हलका लागत होता.

आता ते राहिलेलं. मी नऊ वर्षांचा असताना गणपतीत मराठी मंडळाच्या स्पर्धेसाठी 'माझं घर' काढलं होतं. पाणी एक दिवसाआड यायचं, म्हणून मी टाकी घरापेक्षा मोठी काढली होती. तुम्ही ती खोडून मापात बसवलीत, भिंती सरळ केल्यात, आणि मला पहिलं बक्षीस मिळालं. आबिड्सच्या पोस्टाच्या पायऱ्यांवर बसून मी हीच गोष्ट ताईच्या बहिणीला सांगितली होती. वडिलांनी माझं चित्र हिरावून घेतलं, त्यानंतर माझा हात मोडला तो मोडलाच, असं. तिचे डोळे भरून आले होते, आणि मला तेच हवं होतं.

हे पत्र कुठं टाकणार? त्याच पायऱ्यांवरून रोज जातो, पेटीही तिथंच आहे, पण वर पत्ता काय लिहू? वहीतच राहू दे. फक्त तेव्हा तिला न सांगितलेलं एक सांगतो, आता तिलाही सांगेन, उद्या किंवा परवा. त्या दिवशी स्टेजवर मी ते चित्र दोन्ही हातांनी वर धरलं होतं, तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात, आणि मला खूप आनंद झाला होता. मी माइकमध्ये म्हणालो होतो, "मीच काढलं."