पिवळा दिवा आणि मामांची दुपारची झोप

मलकापूर, सोमवार

तीर्थस्वरूप मामांस निवृत्तीचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपला गुडघा, मामींचा खोकला आणि अंगणातली गाडी, तिघांची प्रकृती कशी आहे? गाडीत पिवळा दिवा लागला, किंवा ती मामींपेक्षा जास्त खोकू लागली, तर तो अपशकुन समजू नये. गुरुवारी आपल्या अर्पिताच्या सोयरिकीसाठी दुसरबीडला जायचं मोडू नये. (मागे आरशाला तडा गेला म्हणून आपण चांगलं स्थळ सोडलंत, म्हणून आधीच लिहितो. फोनवर माझा आवाज कापतो.)

माझ्या गाडीतही तो दिवा महिनाभर जळतोय. गजेंद्र मिस्त्री म्हणाला, धुराच्या नळीवरचा ऑक्सिजन सेन्सर गेला, त्यावरचा नंबर पाहून तसाच आणा. नंबर स्वच्छ दिसावा म्हणून मी तो पॉलिश पेपरनं घासला. इतका घासला, की नंबरच गेला. (डायरीत याला ‘नडलेला प्रामाणिकपणा’ म्हटलं, रात्रभर विचार करून ‘प्रामाणिकपणा’ खोडला.) दुकानदार मोतीरामनं तीन सेन्सर काढले. एकाचे आटे बसले, प्लग बसेना. दुसऱ्याचा प्लग बसला, वायर वीतभर तोकडी. तिसरा दिसायला तंतोतंत, पण भलत्याच मॉडेलचा. “छत्तीस गुण जुळून राह्यले सर, पण पोरगी दुसऱ्याच घरची हाय,” मोतीराम म्हणाला.

उरली आपली गाडी, त्याच सालची, त्याच मॉडेलची. आपण तिला कुणाला हात लावू देत नाही. म्हणून काल वडनेरला पुरणपोळीनंतर आपण झोपलात, तेव्हा गजेंद्र आणि मी फक्त नंबर वाचायला तिच्याखाली शिरलो. तेवढ्यात मामी आल्या. “काय शोधून राह्यला रे गाडीखाली?” मी म्हणालो, मांजर. “थांब मंग,” म्हणून त्यांनी बशीभर दूध आणून ठेवलं, आणि खरोखरच कुठूनसं एक मांजर येऊन ते पिऊन गेलं! तेव्हा मी खोटं बोललो की नाही, हे डायरीची चार पानं भरूनही ठरलेलं नाही.

बाकी क्षेम.

आपला भाचा,
निवृत्ती

ता. क. नंबर काजळीत दिसेना, म्हणून गजेंद्रनं आपल्या गाडीचा सेन्सरच काढून आणला. (डायरीत ‘चोरी’ लिहून पुढे कंसात ‘तपासणीपुरती’ लिहिलं आहे.) तो माझ्या गाडीत चपखल बसला. दिवा तरीही जळतोच. बुधवारी दुपारी येऊन परत बसवतो, गुरुवारी गाडी निघेल. विनंती एवढीच, की त्या दिवशीही भरपेट जेवून झोपावं. आपल्यादेखत माझ्याच्यानं गाडीखाली शिरवणार नाही.

ता. क. दुसरा. माझा सेन्सर ठणठणीत निघाला. वायर उंदरानं कुरतडली होती. मामींना म्हणावं, बुधवारी बशी तयार ठेवा. या वेळी खरंच मांजर न्यायला येतो आहे.