रडणे इंजेक्शनमुळे असल्याचा दाखला

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्र, बोरदरा,
ता. आंबेगाव, जि. पुणे.

विषय : दशक्रियेत मला येणारे रडू औषधाचे आहे, असा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : आपले सोमवारचे तोंडी उत्तर, "बाबा, असा दाखला नसतो."

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, मला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी पुरुषी हार्मोन बंद करण्यासाठी ऑपरेशन किंवा दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, असे दोन मार्ग सांगितले. मी इंजेक्शन पत्करले. आजार आटोक्यात आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र थंडीतही अंगातून वाफा निघतात आणि रडू कोसळते. या औषधाने काहींना असे होते, हे आपणच सांगितलेत.

पंचक्रोशीतील दशक्रियेत श्रद्धांजलीचे भाषण मी करीत आलो. पत्नी धोंडाबाई वारली, चिरंजीव अमृत बंगळुरास. चार माणसांत बसणे होई ते तेवढेच.

शेजारचे कै. चांगदेव यांच्याशी बांधावरून माझे हयातभर वाकडे. त्यांच्या दशक्रियेत "चांगदेवराव" म्हणताच मला हुंदका फुटला. दुसऱ्याच दिवशी त्यांचा मुलगा दारात : "भाऊ, एवढं मनाला लागलंय तर बांध मागं घ्या की!" बांध माझा आहे, महोदय. मी फक्त रडलो.

पुढे अवसरी खुर्दला एका म्हातारीची दशक्रिया झाली. तिला मी जन्मात पाहिले नव्हते. तिथे इतका रडलो की बायका कुजबुजल्या, "ह्यो तिचा कोण व्हता गं?" तिच्या भावकीने माइक काढून घेतला व सांगितले, "तुमी बसा आता." तेव्हापासून दशक्रियेला जाणारी जीप माझ्या दारावरून हॉर्न न वाजवता जाते. मी टोपी-उपरणे घालून ओट्यावर बसलेला असतो, राव. (शेवटचा शब्द चुकून पडला, माफी असावी.)

तरी दाखला मिळावा, म्हणजे तो दाखवून मला पुन्हा जीपमध्ये बसता येईल. त्यात आजाराचे नाव लिहू नये. कॅन्सर म्हटले की लोक भेटायला येतील, मी पुन्हा रडेन, आणि तेही यायचे बंद होतील.

एक खुलासा करणे प्राप्त आहे. घरी एकट्यापुरती भाकरी थापताना जे रडू येते, ते कृपया दाखल्यात धरू नये. ते इंजेक्शनच्या आधीपासूनचे आहे.

आपल्या सहीशिक्क्याची वाट पाहणारा,
भिमाजी गेणू टेमगिरे
मु. पो. बोरदरा
दि. १२ जानेवारी २०२५

सोबत : इंजेक्शनच्या कार्डाची झेरॉक्स.