मोगऱ्याच्या तीन फांद्या

गुलटेकडी, पुणे
२७ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल महाशिवरात्रीला तू आलीस, रताळ्याचा कीस नावं न ठेवता खाल्लास, गच्चीवर जाऊन माझी बाग एकटीनं अर्धा तास बघितलीस, आणि पाचच्या बसनं कात्रजला सुखरूप पोचलीस असं धरून चालतो. फोनच केला असता, पण तुझं ते कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं की मी इकडून ओरडतो, तू तिकडून ओरडतेस, आणि शेजाऱ्यांना वाटतं बहीणभावांचं वाटणीवरून वाजलं. म्हणून पत्रच बरं.

ताई, आपल्या मोगऱ्याच्या तीन फांद्या चोरीला गेल्या! आज सकाळी झारी घेऊन वर गेलो आणि बघतच राहिलो. वसंतपंचमीला मी स्वतः छाटणी केली होती. तीन आठवड्यांत काय फुटवे आले होते! शेंड्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्याही धरल्या होत्या, काल तू पाहिल्यास ना? त्यातल्या नेमक्या तीन चांगल्या फांद्या गायब. आणि कापल्या आहेत कशा, तर तिरप्या, पान फुटतं त्या डोळ्याच्या बरोबर खाली, अगदी आपल्या घरी कापायचे तशा. म्हणजे चोर अडाणी नाही. याचाच मला जास्त राग आला आहे.

हे काही नर्सरीतून आणलेलं रोप नव्हे. बुधवार पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांच्या गॅलरीत, तुपाच्या पत्र्याच्या डब्यात हा मोगरा होता. आई संध्याकाळी त्याच्या कळ्यांचा गजरा ओवायची, आणि उत्तरेश्वर मास्तरांनी दिलेली वसंताची कविता मी तिच्यासमोर उभा राहून म्हणायचो. वसंत म्हणजे काय हे मास्तरांनी सांगितलं, पण मला तो कळला त्या डब्यामुळे. आजही फूल उमललं की पाचवीचं पुस्तक उघडल्यासारखा वास येतो. आणि कोणीतरी येतं, कात्री चालवतं आणि जातं!

माझा संशय कोणावर आहे तेही सांगतो. आमची सात घरांची गच्चीबाग तुला माहीत आहे. रविवारी सकाळी सगळे टाकीपाशी जमतो, कोणाकडे काय फुललं ते दाखवतो, कोकोपीट किती नि माती किती यावर वाद घालतो. त्यात चौथ्या मजल्यावरची नम्रता आहे. वर्ध्याची मुलगी, हिंजवडीला नोकरीला. रंगाच्या रिकाम्या बादल्यांना भोकं पाडून त्यात पिटुनिया लावते. खोटं कशाला बोलू, यंदा बहर देखणा आहे, पण वास शून्य. पाठ न झालेल्या कवितेसारखं फूल ते. तर ही मुलगी गेल्याच रविवारी मला विचारत होती की मोगरा फांदीवरून येतो का, किती लांबीची घ्यायची, कुठे कापायची. मी भोळेपणानं सगळं सांगितलं. चार दिवसांत फांद्या गेल्या. आता तूच सांग.

तुझ्या लोभावर माझा हक्क आहेच. या प्रकरणात तुझ्या संतापावरही आहे.

तुझा
दत्ता


कात्रज
५ मार्च

चि. दत्तास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, दोनदा वाचलं. तीन फांद्या गेल्या, झाड जागेवर आहे. छाटणीत तूच त्याहून जास्त कापतोस आणि वर सगळ्यांना सांगत फिरतोस की कापलं की फुटतं. मग फुटू दे की.

कोणाचंही नाव घेऊ नकोस, दत्ता. हे मी गमतीनं लिहीत नाही. तिसरीत तुझी पेन्सिल हरवली म्हणून तू वर्गभर चोर चोर केलंस, त्या बद्रीनाथला मास्तरांनी बाकावर उभं केलं, आणि पेन्सिल तुझ्याच कानावर निघाली. उत्तरेश्वर मास्तरांची कविता तुला आठवते, ही पेन्सिल का नाही आठवत?

माझी बोगनवेल यंदा पानांपेक्षा फुलांनीच भरली आहे. युक्ती एकच, तिला तहानलेली ठेवते. मोगऱ्याचं मात्र तसं करू नकोस, पण ताटलीत पाणीही साठू देऊ नकोस. ऊन भरपूर हवं. हे तुला सांगायला नको, तरी सांगते, कारण रागात असलास की तुझे हात डोक्याचं ऐकत नाहीत.

ज्यानं फांद्या नेल्या त्याच्या हाताला यश येवो, एवढं म्हण आणि विषय सोड.

रागावून का होईना, लिहीत जा.

ताई


गुलटेकडी
१७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चोराच्या हाताला यश येवो? तू माझी बहीण आहेस की चोराची?

मी विषय सोडलेला नाही. आठ तारखेला कुंडीमागच्या भिंतीवर पाटी लावली. अक्षर माझंच, काळ्यावर पांढरं. 'मोगरा कापून नेणाऱ्यास सूचना : फांद्या नेल्यात, आता कुंडी, माती आणि म्हातारा यांचीही सोय आपल्याकडेच करावी.' खालच्या मजल्यावरच्या लोकांनीही येऊन वाचली. सोसायटीचे सेक्रेटरी योगेश यांनी तर फोटो काढला. चोर मात्र पुढे आला नाही.

म्हणून काल रविवारी सगळ्यांसमोर मी नम्रताला अत्यंत सभ्य शब्दांत विचारलं, की आमच्या तीन फांद्या आपल्या बादल्यांत सुखात आहेत ना, त्यांना काही हवं-नको असल्यास कळवावं. योगेश हसले, आणखी दोघं हसली. तिचं तोंड लालबुंद झालं. दुपारी तिनं अकरा बादल्या लिफ्टनं खाली नेल्या, चार खेपा करून. निरपराध माणूस असा गाशा गुंडाळतो का?

मोगऱ्याचा बंदोबस्त मी आधीच केला आहे. पाटी लावली त्याच दिवशी कुंडी खाली आणून स्वयंपाकघराच्या बाल्कनीत ठेवली. तिथे ग्रिल आहे, ग्रिलला कुलूप आहे, आणि किल्ली माझ्या जानव्याला आहे. बाल्कनी उत्तरेची असल्यानं ऊन नाही, पण सुरक्षितता आहे. त्याला धक्का बसला असेल म्हणून मार्केट यार्डातून शेंगदाण्याची पेंड आणून दोन मुठी घातली, आणि ताटली पाण्यानं भरलेली ठेवतो. काही पानं पिवळी पडली आहेत. जागा बदलली की माणसंही पिवळी पडतात.

एक मात्र खरं. आज सकाळी वर गेलो तर तिच्या बादल्यांचा कोपरा पुसलेल्या फळ्यासारखा दिसला. पिटुनियाला वास नव्हता, तरी काहीतरी होतं. असो. न्याय म्हटला की थोडं रुक्ष व्हावंच लागतं.

या पत्राला उत्तर माझ्या बाजूनं यावं, इतकाच लोभ.

दत्ता


१८ मार्च

दत्तकाका,
नमस्कार.

मेसेज केला असता तर तुम्ही तो रविवारी सगळ्यांना वाचून दाखवला असता, म्हणून कागदावर लिहून दाराखालून सरकवते आहे.

तुमच्या फांद्या मी घेतल्या नाहीत. माझ्याकडे कात्रीच नाही. पिटुनियाचे शेंडे मी नखानं खुडते, त्यावरून तुम्हीच मला हसला होतात. चोरानं तिरपं कापलंय हे तुम्ही सगळ्यांना दहादा सांगितलंत, मग मला बोलण्याआधी एकदा माझी नखं तरी बघायची.

पुण्यात येऊन मला तीन वर्षं झाली. ऑफिस सोडलं तर मला नावानं हाक मारणारी माणसं फक्त गच्चीवर होती. तिथे तुम्ही मला चोर केलंत, आणि लोक हसले. मोगऱ्याचं विचारलं कारण आमच्या वर्ध्याच्या अंगणात तो आहे आणि इथे मला त्याची आठवण येते. आठवण येणं हा गुन्हा असेल तर तुम्ही रोजच करता, काका.

मला खूप राग आला आहे आणि तो इतक्यात जाणार नाही.

दुसरी गोष्ट. माझ्या खिडकीतून तुमची बाल्कनी दिसते. मोगऱ्याची पानं गळताहेत. तिथे ऊन नाहीये. माझ्यावर हवं तितकं चिडा, पण त्याला वर न्या. प्लीज, लवकर.

नम्रता


कात्रज
२० मार्च

चि. दत्ता,
आशीर्वाद देते, पण आधी ऐक.

फांद्या मी नेल्या.

महाशिवरात्रीला तू खाली ताक घुसळत होतास, तेव्हा गच्चीवर जाऊन मी तीन फांद्या कापल्या, ओल्या रुमालात गुंडाळल्या आणि पिशवीत घालून बसमध्ये बसले. तिरप्या कापल्या, कारण आईनं मला तशाच शिकवल्या. तुला ओळखू येईल अशी भीती होती. तू चोराची हुशारी ओळखलीस आणि बहीण ओळखली नाहीस.

का नेल्या तेही ऐक. तो मोगरा मुळात आईचा नव्हताच. शेजारच्या गोदाबाईंच्या डब्यातून तिनं फांदी न विचारता आणली होती. मोगरा मागून घेतला तर रुजत नाही, असं त्या दोघीही मानायच्या. आई डब्यापाशी गेली की गोदाबाई मुद्दाम पाठ फिरवून तांदूळ निवडत बसायच्या. मग महिनाभर दोघी त्याबद्दल अक्षर काढायच्या नाहीत, आणि रुजल्यावर पहिल्या कळ्या आई त्यांना नेऊन द्यायची. तू तेव्हा आतल्या खोलीत कविता घोकत होतास. मी तुझ्याकडे तीनदा मागून फांदी नेली, आठवतं? तू वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरा बांधून, सूचनांसकट दिलीस. तिन्ही मेल्या. हसायचं तर हस. या वेळी रीतीनं नेल्या, तर दोन गेल्या पण एक दह्याच्या डब्यात जगली आहे. तिला चार पानं आली आहेत.

रुजेपर्यंत बोलायचं नाही म्हणून गप्प बसले. तू दोन दिवसांत शांत होशील असं वाटलं. ही माझी चूक, आणि ती साधी नाही. माझ्या एका समजुतीपायी एका परक्या गावच्या मुलीला चारचौघांत मान खाली घालावी लागली. परवाचं तुझं पत्र वाचून मला जेवण गेलं नाही.

तिच्याकडे जा. जिना चढून जा, फोन करू नकोस, आणि कविता म्हणू नकोस. माझं नाव सांग.

मला माफ करायचं की नाही ते तिच्यानंतर ठरव.

ताई


गुलटेकडी
७ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून मी तुझ्याशी बोलणं सोडलं होतं. फोनवर तुला तसंही ऐकू येत नाही, त्यामुळे ते तुझ्या लक्षात आलं नसेल.

काय हे, ताई! सत्त्याहत्तराव्या वर्षी बसमधून चोरीचा माल नेलास, आणि मी इकडे न्यायाधीश होऊन बसलो! तुझा राग आला, गोदाबाईंचा आला, आईचासुद्धा आला. सगळ्यांचा येऊन गेल्यावर उरला तो माझा.

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी चौथा मजला चढलो. काय बोलायचं ते मास्तरांसमोर उभं राहण्याआधी करायचो तसं घोकून गेलो होतो. तिनं दार उघडलं आणि एक ओळ आठवेना. माझं चुकलं, एवढंच आलं. ती म्हणाली, की चूक चारचौघांत केलीत आणि माफी जिन्यात मागताय. रविवारी सगळे जमल्यावर ती पाटी काढली, उलटी केली आणि मागच्या बाजूला सर्वांसमक्ष लिहिलं : 'मोगरा माझ्या सख्ख्या बहिणीनं नेला. नम्रतावर खोटा आळ घेतला तो मी. – दत्तप्रसाद.' योगेशनी विचारलं किती दिवस ठेवायची. मी म्हटलं, पहिली पंधरा दिवस होती, ही पंधरा दिवस राहील. आणि हसणाऱ्यांनी आताही हसावं. या वेळी कोणी हसलं नाही.

नम्रतानं पाटी वाचली आणि आपला राग गेलेला नाही असं सांगून मोगरा अजून कुलपातच का आहे ते विचारलं.

तिची चिठ्ठी आली तेव्हाच मी तो वर न्यायला हवा होता. चोरानं सल्ला देऊ नये म्हणून मी आणखी पाच दिवस कुलूप काढलं नाही. त्या रविवारी आम्ही दोघांनी तो उन्हात नेला. परवा शेवटचं पान गळलं. काल कुंडीतून काढला तर मुळं काळी पडलेली, कच्च्या पेंडीचा आंबूस वास. नम्रतानं नखानं खोड खरवडलं, कुठे हिरवं दिसतं का म्हणून. वर तपकिरी. त्याखाली तपकिरी. मातीपर्यंत खरवडत गेली आणि मग थांबली. पेंड कुजवून, पातळ करून द्यावी, ताटली कोरडी ठेवावी, हे दर रविवारी लोकांना ऐकवणारा मी! आईच्या हातचं झाड मी कुलूप लावून मारलं, ताई. चोरानं नाही.

सध्या गच्चीवर तिच्या सात बादल्या परत आल्या आहेत. चार अजून खालीच आहेत. तेवढा राग शिल्लक आहे असं मी समजतो.

तुझ्या दह्याच्या डब्यातल्या रोपाबद्दल मी काहीही मागणार नाही. मागितल्यानं काय होतं ते तूच लिहिलंस.

माझ्या वाट्याचा लोभ त्या चार पानांवर कर. तो मला पोचेल.

दत्ता


कात्रज
१० ऑगस्ट

चि. दत्तास,
अनेक आशीर्वाद, आणि एक तक्रार.

काल तू राखीला आलास, नम्रताला घेऊन आलास, बरं वाटलं. मुलीनं नारळीभात दोनदा घेतला. तिच्या अकराही बादल्या आता वर आहेत हे तिनंच सांगितलं, तू नाही.

पण तुम्ही दोघं सारखं मला आत जाऊन चहा टाकायला का सांगत होतात? मी तीन वेळा चहा केला. तिसऱ्यांदा तर गॅलरीकडे पाठ करून एकच कप पाव तास विसळत उभी राहिले.

आज सकाळी पाहते तर माझ्या मोगऱ्याच्या दोन फांद्या नाहीत. भरघोस झालाय आता, तरी कापलेलं माझ्या नजरेतून लपत नाही. एक फांदी तिरपी कापलेली, डोळ्याच्या बरोबर खाली. दुसरी नखानं खुडलेली, जरा चेचलेली. चोर दोन असावेत.

मी भयंकर संतापले आहे. पाटी लावणार नाही, कोणाचं नाव घेणार नाही. रुजेपर्यंत मला कोणी काही कळवू नये. पहिल्या कळ्या मात्र कुठे पोचवायच्या असतात, ते चोरांना ठाऊक असेलच.

लोभ वाढवावा. तो तेवढा मागितला तरी रुजतो.

ताई