धुतलेली गाडी

आबा, तुम्ही गेलात तेव्हा माझ्याकडे सायकल होती आणि आजही आहे. रोज सकाळी अष्टमी गावातून निघते, कुंडलिकेचा पूल ओलांडून रोह्यात उतरते आणि तशीच पुढे कंपनीत जाते, लॅबमध्ये. पण मागच्या आठवड्यापर्यंत आमच्या इमारतीखाली पत्र्याच्या शेडमध्ये माझी एक गाडीही उभी असायची. तुम्ही पाहिली असतीत तर आधी वाकून तिच्या पोटाखाली हात घातला असता आणि विचारलं असतं, "ही आपल्या जोह्याच्या रस्त्याला चालंल काय गो?" नसती चालली. निळी, दोनच माणसांची, जमिनीला चिकटलेली स्पोर्ट्स कार. रोह्यातल्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासायचं, बाजारात तिला उभं करायला जागा मिळायची नाही. म्हणून आठवडाभर सायकल, आणि रविवारी सकाळी रस्ता मोकळा असला की नागोठण्यावरून वडखळपर्यंत एक चक्कर. कंपनीतली पोरं म्हणायची, "म्याडमचा घोडा तबेल्यात आणि म्याडम पायडल मारतायत." कशाला घेतली, असं सगळ्यांनी विचारलं. आवडली म्हणून घेतली. पन्नाशीच्या एकट्या बाईने एवढंच उत्तर दिलं तर लोकांना ते पुरत नाही.

पुलावर रोज समोरून एक माणूस यायचा. दुसऱ्या एका कंपनीत वॉचमन, रात्रपाळी संपवून नागोठणे रस्त्यावरच्या आपल्या गावाकडे निघालेला. त्याची सायकल काळी, जुनी, कॅरिअरला डबा बांधलेला. तो घंटी वाजवायचा, मी वाजवायचे. कधी वारा जास्त असला तर ओरडायचा, "आज उलटा हाय वारा, म्याडम!" आमची ओळख एवढीच. त्याचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं.

भावाचा मुलगा तुम्ही पाहिला नाहीत. आपल्या गावीच, जोह्यात, गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो. हात इतका स्थिर की बघत राहावं. त्याचं लग्न ठरलंय. त्या रविवारी सकाळीच आला आणि म्हणाला, "आत्या, फोटो काढायचेत. तिची लय इच्छा हाय, गाडीजवळ उभं राहून. संध्याकाळपर्यंत आणून लावतो." मी चावी दिली. हळू चालव म्हटलं, जसं सगळेच म्हणतात. अंधार पडता पडता खाली आवाज आला म्हणून गॅलरीत गेले, तर तो नळाखाली बादली भरून गाडी धूत होता. बाही वर करून, पुढचा भाग फडक्याने घासत होता. पुन्हा पुन्हा तोच भाग. मला कौतुक वाटलं, आबा. दुसऱ्याची वस्तू आणली तर धुऊन परत करतो, चांगलं वळण आहे असं मनात म्हणत मी चहा टाकला. तो वर आला नाही. शेजारच्या मुलीच्या हाती चावी पाठवली आणि गेला.

सोमवारी पुलावर घंटी वाजली नाही. मंगळवारीही नाही. माणूस सुट्टीवर असू शकतो, आजारी असू शकतो, पण मी पुलाच्या मधोमध पाय टेकून उभी राहिले. खाली पाणी गढूळ, ओहोटीचं. त्याच्या कंपनीच्या गेटवर जाऊन विचारलं. तिथला माणूस म्हणाला, "त्याला उडवला ना रविवारी. ड्युटीला येत होता. अष्टमीच्या पलीकडंच, नागोठणे रस्त्याला. थांबला पण नाय गाडीवाला."

घरी परत येऊन मी शेडमध्ये गेले. नंबर प्लेट एका कोपऱ्यात आत वळली होती. तिच्या वर, दिव्याच्या खाचेत, काळ्या रंगाची एक रेघ होती. सायकलचा रंग. फडकं तिथपर्यंत पोचलं नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती. मला बघून जरा सावरून बसली. "तुमी सायकलवाल्या बाई ना? ते सांगतात घरी तुमचं." मी तिच्याशेजारी बसले. ती म्हणाली, "डोळं उघडलं नायत अजून. बघणारे सांगतात, निळी गाडी व्हती. खाली बसलेली, बेडकावानी. अशा किती गाड्या असतील हो रोह्यात?" तिने माझा हात धरून ठेवला होता, आणि तो सोडवायचा कसा हे मला कळत नव्हतं.

भावाच्या पोराला फोन केला. आधी म्हणाला, "कुत्रा आला आडवा, आत्या." मग नुसता कारखान्यातला रेडिओ ऐकू येत राहिला. मग म्हणाला, "मी पायलं नाय मागं वळून." थोड्या वेळाने भावाचा फोन. "ताई, पोराचं लगीन हाय. मुलीकडच्यांना कळलं तर संपलं. तू नुसती गप रहा. कोण विचारणाराय तुला? तू तर सायकलवर फिरतेस, सगळं गाव बघतंय." मग आवाज उतरवून, "आबा असते तर त्यांनी घरचं बाहेर काढलं नसतं."

तेव्हापासून तुमच्याशी बोलतेय. कारण भावाला माहीत नाही, मला माहीत आहे. मी दुसरी-तिसरीत असेन. गणपतीच्या आधीचे दिवस, तुमच्या टेम्पोत मूर्ती पेंढ्यात बसवलेल्या, तुम्ही मला कौतुकाने बरोबर घेतलेलं. हमरापूर मागे पडलंय, पाऊस काचेवर फटके मारतोय, वायपर एकच चालतोय. तुम्ही घाईत आहात. आणि डाव्या बाजूला काहीतरी लागतं. मोठा आवाज नाही, मऊ. तुमचा पाय ब्रेकवर जातो, टेम्पो अडखळतो, मागे एक मूर्ती दुसरीवर टेकल्याचा आवाज येतो. मग तुम्ही पाय उचलता. मी विचारते, काय होतं? तुम्ही समोर बघत म्हणता, "दगड व्हता गो. तू झोप." दगड मऊ नसतो हे मला तेव्हाही कळत होतं. त्या दिवसानंतर तुम्ही टेम्पो इतका हळू चालवायला लागलात की एसटीवाले शिव्या घालून पुढे जायचे. गावात म्हणायचे, मागे देव असतात म्हणून हा माणूस जपून चालवतो. रिकामा टेम्पोही तुम्ही तसाच चालवायचात, आबा. आणि जेवताना हातातला घास तसाच धरून बसायचात, आई हाक मारेपर्यंत. कोण होतं तिथे? जनावर की माणूस? तुम्ही कधी परत जाऊन चौकशी केलीत का? शेवटच्या आजारात तुम्ही मला जवळ बोलावलंत, बराच वेळ बघितलंत आणि पाणी मागितलंत. मी पाणी दिलं.

पोराचं तुमच्यासारखं होऊ नये, एवढंच मला कळलं. दुसऱ्या दिवशी सायकल काढली आणि पोलीस ठाण्यात गेले. गाडी माझी, चालवणारा कोण, सगळं सांगितलं. संध्याकाळी भाऊ पोराला घेऊन आला, तोही हजर झाला. ठाण्याच्या पायरीवर भाऊ मला म्हणाला, "तू आता जोह्याला येऊ नकोस." आत जबाबावर सही करताना पोराची रेघ दोनदा चुकली होती. लग्नाचं काय होईल माहीत नाही. वॉचमनने अजून डोळे उघडलेले नाहीत. मी रोज जाते, त्याच्या बायकोला सगळं सांगितलंय. ती आता माझा हात धरत नाही, पण उठूनही जात नाही.

हे लिहिलेलं भावाला दाखवावं असं एकदा मनात आलं, पण नको. तुमच्याबद्दल त्याच्याकडे जे आहे ते त्याच्याकडे राहू दे. हे कागद कुणाच्याच हाती जाणार नाहीत. म्हणून एक गोष्ट सांगते. पंचनामा झाल्यावर हवालदार म्हणाले, "म्याडम, ही आमच्यानं चालायची नाय, तुमीच आणा ठाण्यावर." ते शेजारी बसले, गुडघे छातीशी घेऊन. पूल रिकामा होता, माझ्या रविवारच्या रस्त्यासारखा. नंबर प्लेट वाकलेली, दिव्यात ती काळी रेघ तशीच, आणि आम्ही ठाण्याकडे चाललो होतो. हवालदार एकदम दाराला धरून म्हणाले, "हळू, म्याडम, हळू." तेव्हा मला कळलं की माझा पाय ॲक्सिलरेटरवर खाली गेलाय. आणि आबा, तो मला उचलावासा वाटत नव्हता.