नैरोबी, फुल इम्पोर्टेड

६ सप्टेंबर २०२०, रविवार

आणली. लोणी काळभोरच्या पुढे एका फार्महाउसवर स्वतः जाऊन घेऊन आलो. आफ्रिकन सव्हाना मॉनिटर. साध्या भाषेत सांगायचं तर सरड्याची मोठी बहीण, पण साध्या भाषेत सांगावा असा हा प्राणी नाही. विकणारा म्हणाला, फुल इम्पोर्टेड हाय सायेब, बँकॉकवरनं आलंया, बिनघोर न्या. आफ्रिकेचा प्राणी बँकॉकहून का येईल, हे विचारणार होतो. पण कुरिअरचा रूट असेल, असं समजून घेतलं.

नाव ठेवलं नैरोबी. हॉलमध्ये काचेची टाकी, वर हीट लॅम्प. किंमत लिहीत नाही, डायरी बायकोच्या हाती लागू शकते.

वारज्यात आमच्या सोसायटीत ज्याच्या-त्याच्याकडे लॅब्रेडॉर. हप्त्यावर फ्लॅट, हप्त्यावर गाडी आणि मग लॅब्रेडॉर. माणसाला स्वतःची काही टेस्ट नको?

७ सप्टेंबर

पूर्वाने विचारलं, हे काय आहे? मी स्पीशीज सांगितली. ती म्हणाली, मी प्राण्याबद्दल विचारत नव्हते.

बाबा काचेसमोर खुर्ची टाकून बराच वेळ बसले. मूळचे चंद्रपूरकडचे, तहसील कचेरीतून रिटायर झालेले, गेल्या वर्षापासून आमच्याकडे असतात. म्हणाले, आपल्या गावच्या तलावाच्या पाळीवर असलीच दिसायची. बाबा आफ्रिका सोडा, गोव्यालाही गेलेले नाहीत. पण मत तयार. मी विषय बदलला. वडिलांचा मान ठेवावा लागतो.

१३ सप्टेंबर, रविवार

इम्पोर्टेड फूडच्या डब्याला तोंड लावत नाही. आज मात्र टाकीतून बाहेर पडली, ओट्यावरचं अंडं गिळलं आणि सिंकखालची झुरळं साफ केली. हीट लॅम्प कालपासून बंद आहे, तिला पत्ताही नाही. जन्माची आफ्रिकन असून वारज्याची हवा आठवड्यात मानवली! आमच्या ऑफिसातून टेक्सासला पाठवलेली पोरं वर्षभर रडतात.

शेजारच्या पोपटाचा वैताग. शेजारचे शरच्चंद्रकाका नारायण पेठेतली जागा विकून इथे आले, पण नारायण पेठ सोबतच घेऊन आले. त्यांचा पोपट दिवसातून शंभरदा ‘अहो, चहा झाला’ म्हणतो. काकू जाऊन दोन वर्षं झाली. पोपट अगदी त्यांच्या आवाजात बोलतो आणि काका आतून ‘आलो’ म्हणतात. आज क्लायंट कॉलवर टेक्सासच्या मॅनेजरने विचारलं, त्या बाई तुमच्या टीममध्ये आहेत का?

२ ऑक्टोबर

सुट्टी. काका नैरोबीला बघायला आले. मास्क नाकाखाली. मी म्हटलं, एक्झॉटिक पेट आहे. एक्झॉटिक म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, जे मूळचं इथलं नाही ते. ते म्हणाले, असं होय. मग सोसायटीत अर्धे एक्झॉटिकच म्हणायचे, तुम्हाला धरून.

पूर्वा हसली. बाबाही हसले. मला हसू आलं नाही. पंधरा वर्षं पुण्यात टॅक्स भरतोय मी.

११ ऑक्टोबर, रविवार

आज कायदा पूर्ण समजून घेतला. म्हणजे त्यावरचा व्हिडिओ पाहिला, दीडपट स्पीडने.

तर असं आहे. आपल्या देशातला रानटी प्राणी पाळणं गुन्हा. साधा हिरवा पोपटसुद्धा. विदेशी प्राण्याची मात्र सरकारकडे ऑनलाइन नोंद करायची. मुदतीत केली तर कागद विचारणार नाहीत. मी दोनदा मागे नेऊन ऐकलं. म्हणजे मी कायदेशीर आणि काका गुन्हेगार! रिफॉर्म्स म्हणतात ते हेच. जग इतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

लगेच नोंदणीचा अर्ज भरला. नैरोबीचे चारही बाजूंनी फोटो टाकले, माझा आधार, पत्ता, सही. देश या रकान्यात आफ्रिका लिहीत होतो. मैत्री म्हणाली, पप्पा, आफ्रिका देश नाहीये. पाचवीतल्या पोरांना हल्ली फार शिकवतात. केनिया टाकलं.

२५ ऑक्टोबर, दसरा

कोरोनामुळे यंदा बाबांना दीक्षाभूमीला जाता आलं नाही. घरीच वंदना घेतली. पंचशील झाल्यावर मैत्रीने बाबांना विचारलं, आजोबा, प्राण्यांना त्रास द्यायचा नाही ना, मग नैरोबी काचेत का? ती सारखी एकाच कोपऱ्यात नाक घासते, रक्त आलंय.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी समजावून सांगितलं की शीलात हत्या करायची नाही असं आहे, पाळायचं नाही असं कुठे आहे? बाबा म्हणाले, तू वकील व्हायला हवा होतास, पैसे तरी वाया गेले नसते. मग ते टाकीपाशी गेले आणि नैरोबीच्या नाकाला हळद लावली. आफ्रिकन प्राण्याला हळद! दुसऱ्या बाजूने बघितलं तर तिला घर मिळालंय, सुरक्षित आहे, खाणं वेळेवर आहे. कोपऱ्याचं काय ते, सवय होईल. आम्ही नाही का मार्चपासून घरात बसलो?

१६ नोव्हेंबर, पाडवा

पाडव्याला सोसायटीच्या ग्रुपवर मी नैरोबीचा फोटो टाकला. खाली लिहिलं, लीगल ओनरशिप, रिस्पॉन्सिबल ओनरशिप. काकांनी उत्तर दिलं, शुभेच्छा, मालक आणि प्राणी, दोघांपैकी कोण कुठलं ते कळवणे. बत्तीस जणांनी अंगठे दाखवले.

वनखात्याला ईमेल केलं. वैयक्तिक राग अजिबात नाही. नागरिक म्हणून केलं. नाव, फ्लॅट नंबर, पोपटाचा रेकॉर्ड केलेला आवाज, सगळं व्यवस्थित जोडलं. डॉक्युमेंटेशन माझा स्ट्राँग पॉइंट आहे.

पूर्वाला सांगितलं. ती म्हणाली, अहो, तो काकूंचा आवाज आहे. मी म्हटलं, कायद्यात आवाजाला सूट नाही. तेव्हापासून ती माझ्याशी फक्त मैत्रीमार्फत बोलते.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी वनखात्याची जीप आली. वनपाल जयसिंग साहेब आणि एक वनरक्षक. काकांनी वाद घातला नाही. एवढंच सांगितलं की हा पावसात गॅलरीत पडलेला सापडला, डावा पंख मोडलेला आहे, उडता येत नाही, तेव्हा कुठे सोडू नका. काकू गेल्यावर वनखात्याकडे देणार होतो, ते जमलं नाही, असं म्हणाले. पिंजऱ्यावर एक जुनी साडी टाकायला दिली. जिन्यावरून खाली जाताना आतून आवाज येत होता, अहो, चहा झाला. काका दारात उभे होते. या वेळी ‘आलो’ म्हणाले नाहीत.

मला थोडं कसंतरी झालं. ते घालवायला मी जयसिंग साहेबांना चहाला बोलावलं. म्हटलं, आता कायदेशीर पेट कसा असतो तेही बघून जा. मीच बोलावलं. कोणी सांगितलं नव्हतं.

साहेब टाकीपुढे वाकले. कप खाली ठेवला. विचारलं, हिला काय म्हणता? म्हटलं, नैरोबी. ते म्हणाले, बरं. आम्ही घोरपड म्हणतो.

मी हसलो. ते हसले नाहीत. मी नोंदणीचा अर्ज दाखवला, केनिया दाखवलं. त्यांनी फोटो मोठे करून पाहिले आणि म्हणाले, छान, पुरावा तुम्हीच गोळा केलाय. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत ही आहे. तुमच्या शेजाऱ्यांचं प्रकरण दंडावर भागेल, तुमचं नाही.

बिनघोर न्या म्हणाला होता. अर्ध्या शब्दापुरता खोटा, ‘बिन’ तेवढं चुकलं.

बाबा आतल्या खोलीतून सगळं ऐकत होते. मी तेव्हाच सांगितलं होतं, असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला चिडता आलं असतं.

जबाब झाला. शुक्रवारी कोर्टात हजर व्हायचं, जामीनदार घेऊन. नैरोबीला, म्हणजे घोरपडीला, पोत्यात घालून नेलं. मैत्री टाटा करत होती. तिला आनंद झाला होता, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

२५ नोव्हेंबर

वकील म्हणतात, जामीनदार पुण्यातला हवा आणि जागा स्वतःच्या नावावर, कर्ज नसलेली. आमचा फ्लॅट बँकेचा. नातेवाईक सगळे चंद्रपूर-नागपूरला.

सोसायटीतल्या जवळच्या मित्रांना फोन केले. एकाला सासुरवाडीला जायचंय, एकाला बायकोला विचारावं लागेल, एक क्वारंटाइन झाला, फोनवरच. ग्रुपवर कोणीतरी विचारलंय, शेवटी पोपट कोणाचा झाला? बत्तीस अंगठे.

सोसायटीत कर्ज नसलेला फ्लॅट एकच आहे. मी तिथे जाणार नाही. सेल्फ रिस्पेक्ट नावाची गोष्ट असते.

२६ नोव्हेंबर

पूर्वा काकांकडे जाऊन आली. काय बोलली ते सांगत नाही. मैत्रीमार्फत कळलं की शेजारचे आजोबा उद्या कोर्टात येणार आहेत, साडेनऊला तयार राहा, ते थांबत नाहीत.

मनात येतंय की कोर्टात ते सूड घेतील. मी घेतला असता.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

काका इस्त्रीच्या शर्टात, फ्लॅटचे कागद काखेत. गाडीत मागे बसले. मी आरशात बघत होतो, ते खिडकीबाहेर.

मॅजिस्ट्रेटनी त्यांना विचारलं, आरोपीशी नातं काय? काका म्हणाले, भिंत सामायिक आहे. मॅजिस्ट्रेटनी पुढे विचारलं, हा पळून जाणार नाही याची खात्री देता? काका म्हणाले, देतो. स्वतःच्या हॉलमध्ये कोण राहतंय हे याला अडीच महिने कळलं नाही, हा पळून कुठे जाणार?

कोर्टात हशा पिकला. माझे वकीलही हसले. जामीन मिळाला.

परतताना मी बोलायचं ठरवलं होतं. कर्वेनगरपर्यंत वाक्य तयार केलं, वारज्याच्या पुलाखाली ते मोडलं. सोसायटीच्या गेटपाशी शेवटी म्हटलं, काका, तुमचे फार उपकार झाले, आज तुमचा सगळा दिवस गेला.

ते सावकाश उतरले. कागद नीट काखेत धरले. म्हणाले, गेला ते बरंच झालं. घरी फार शांतता असते हल्ली.